उंबऱ्यावरची आडवी बाटली

४ जानेवारी

आज बोलले! चावडीसमोर, माइकशिवाय. गळा बसलाय — बसू दे.

मागच्या वेळीही आम्ही जिंकलोच होतो. गावातल्या बायकांनी आडव्या बाटलीवर शिक्के मारले होते, म्हणजे दारूचं दुकान बंद. पण मोजणीत म्हणे शिक्के रेषेबाहेर गेले. मतं बाद! आणि भूपेंद्रशेठचं देशीचं दुकान दुसऱ्या दिवशी सकाळी उघडं. या वेळी कागदच नाही. प्रयोग म्हणून आमच्या गावात ब्लॉकचेनवर मतदान. त्यासाठी धुळ्याला किती खेटे घातले, किती जणांशी भांडले, ते माझं मला ठाऊक.

बायकांना समजेल असं सांगितलं. ही साखळी आहे. एक मत पडलं की एक कडी. तिच्यात दुसरी अडकते, तिच्यात तिसरी. मधली कडी कुणी काढू शकत नाही, बदलू शकत नाही, पुसू शकत नाही. कलेक्टरही नाही! आणि साखळी सगळ्यांसमोर उघडी — ज्याला हवी त्याने फोनवर पाहावी. फक्त नाव कुणाचंच नाही.

सगळ्या पांगल्यावर एक जण रेंगाळली. ज्योत्स्ना, भूपेंद्रशेठची सून. सासऱ्याच्या दुकानाविरुद्धच्या सभेला ती! भिंतीकडे बघत बोलली.

"अक्का, कोणालाच कळणार नाही ना?"

"देवालासुद्धा नाही," मी म्हटलं.

११ जानेवारी

बसस्टँडवर भूपेंद्रशेठ भेटला. वाकून नमस्कार. म्हणाला, भाषण ऐकलं, साखळी सगळ्यांना दिसते हे फार चांगलं केलंत. आणि हसला. हरणारा माणूस असा हसत नाही.

१८ जानेवारी

मतदान झालं. शाळेबाहेर रांगच रांग. साड्या चापूनचोपून, चेहरे करारी. डोळे भरून आले — लिहायला काय जातंय, इथे कोण बघतंय!

शाळेत मशीनने अंगठा ओळखला की पडद्याआड जाऊन आडवी किंवा उभी बाटली दाबायची. सकाळी कुंदाआजीचा अंगठाच उमटेना. कापूस वेचून वेचून रेषा गेल्यात बिचारीच्या. मी तिला मागच्या दाराने घरी नेलं, हात कोमट पाण्यात बुडवायला लावले. संध्याकाळी पुन्हा आणलं, तेव्हा मत पडलं. सकाळच्या रांगेत तिच्या मागे सुंदरबाई होती, सुंदरबाईमागे ज्योत्स्ना. ज्योत्स्नाने माझ्याकडे पाहिलंही नाही. शहाणी.

समोर शिंप्याच्या ओट्यावर भूपेंद्रशेठचा माणूस योगराज दिवसभर फोन घेऊन बसला होता. कोण शाळेत गेली ते टिपत होता. टिपू दे! पडद्याआड काय दाबलं ते थोडंच दिसतंय त्याला?

१९ जानेवारी

जिंकलो!!

२३ जानेवारी

सकाळी दार उघडलं तर उंबऱ्यावर देशीची रिकामी बाटली. आडवी ठेवलेली. हसू आलं — हरलेल्यांचा पोरकटपणा. उचलून टाकली.

मग दूध आणायला निघाले. शेजारी बाटली. पुढे बाटली. मग दोन घरं मोकळी. मग पुन्हा बाटली. ती दोन घरं योगराजच्या भावकीतली.

दुधाचं भांडं तसंच रिकामं घेऊन परतले.

२४ जानेवारी

कळलं. 

साखळीत मतं पडली त्याच क्रमाने दिसतात. आडवी, आडवी, उभी, आडवी. नाव नाही — खरंच नाही! पण योगराजकडे नावं आहेत, आत गेल्या त्या क्रमाने. एकाशेजारी एक ठेवायचं. झालं.

यंत्र बसवणाऱ्या भूषणला फोन केला. ते मतांचे क्रम तेवढे पुसून टाका म्हटलं. तो बिचारा गोंधळला. "अक्का, पुसता येत नाही हेच तर तुम्ही भाषणात सांगत होता."

२६ जानेवारी

बाटली सुंदरबाईच्या दारातही होती. तिचा नवरा मगन त्याच दुकानात कामाला. त्याने तिला घराबाहेर काढलं. माझ्याकडे आली, तेव्हा मनगट सुजून टम्म.

भाकरीला हात लावला नाही. म्हणाली, "मी उभीलेच मत दिन्हं व्हतं, अक्का. दुकान बंद पडनं ते आम्ही काय खासूत?"

म्हणजे माझ्याविरुद्ध! आणि मार आमच्या बाजूचा.

ती झोपल्यावर साखळी उघडली, कुणाच्या दारात बाटली ते रांगेच्या क्रमाने शेजारी मांडलं. खरं बोलत होती. योगराजने कुंदाआजीला आत जाताना टिपलं. ती मत न देता मागून गेली ते त्याला दिसलं नाही, संध्याकाळी आली तेव्हा नाव आधीच होतं. तिथून पुढे यादी एकेक घर सरकली. सुंदरबाईची उभी कुंदाआजीच्या नावावर. आणि सुंदरबाईच्या नावावर जी आडवी आहे —

ती ज्योत्स्नाची आहे.

२८ जानेवारी

जळगावहून फोन. रेशन, दूध, बाजार समिती, सगळीकडे साखळी आणायचीय. भाषणाला मीच हवी. नंतर सांगते म्हटलं. भाषणाला असं कधी म्हटलं नव्हतं.

सुंदरबाई रोज नवऱ्याबद्दल एकच म्हणते. "तू सांग ना त्याले, यादी चुकेल शे." चुकलीच आहे यादी. मी नुसती मान हलवते. ती अंगण झाडते, भांडी घासते. उपकार नकोत तिला. मी तिच्या मनगटाकडे बघत नाही.

१ फेब्रुवारी

चावडीवर बोलले. ठरवून गेले होते — यादी मुळातच खोटी म्हणायचं, सगळीच्या सगळी, कुणाचंही नाव न घेता. धडधडीत खोटं बोलणार होते, आणि बोलले! बायका माना डोलावू लागल्या.

योगराज उठला. शांत. "अक्का, तुम्ही एवढ्या शिकलेल्या. कुठं चुकली तेवढं सांगा, दुरुस्त करतो."

समोर भूपेंद्रशेठच्या गच्चीवर ज्योत्स्ना कपडे वाळत घालत होती. तिचे हात थांबले.

मी गच्चीवरून नजर काढून पदर खोचू लागले. 

मग मागून सुंदरबाई बोलली. "कुंदाआजी माघारी फिरनी व्हती. मी तिना मांगेच व्हतू."

तिला वाटलं, मी अडखळले; म्हणून तिने मला सावरलं.

योगराजने फोन काढला. कुंदाआजीखालची नावं बोटाने वर सरकवली. एकदाच.

२ फेब्रुवारी

मगन स्वतः आला, सुंदरबाईला घेऊन गेला. तिच्या दारातली बाटली गेली.

गच्चीवर कालचेच कपडे. ज्योत्स्नाचा फोन बंद. भूपेंद्रशेठच्या फाटकाला आतून कुलूप. आत, तुळशीजवळ, बाटली — आडवी.