दत्तूभावजींचा भोंगा

अहो,

मी मसाला कांडायला जातेय, यायला चार वाजतील. दत्तूभावजी घरात नाहीत, पण शोधायला धावू नका.

मिल बंद होऊन पाच वर्षं झाली तरी त्यांना सकाळी भोंगा ऐकू येतोच. आजही डबा घेऊन निघाले होते. मी आडवी जाणार, तोच उंबऱ्यात थांबून म्हणाले, "वहिनी, तुम्हाला भोंगा ऐकू आला?" दवाखान्याच्या मानसोपचार केंद्रातल्या बाई वर्षभर त्यांना हेच दुसऱ्याला विचारायला शिकवत होत्या. मी नाही म्हटलं. "मग माझ्याच कानातला," म्हणाले आणि बसून चहा प्यायले.

मग तोच डबा घेऊन एकटे केंद्रात गेले.

त्यांच्यासाठी आपण दाराला बाहेरून बसवलेली कडी मी काढून टाकलीय. परत लावू नका.

सुभद्रा