आईचा आवाज मोजला

बाबा, गेल्या आठवड्यात पावर हाउसच्या बाजारात जाऊन मी एक यंत्र घेऊन आले. ऑडिओ इंटरफेस म्हणतात त्याला. हातात मावेल एवढा डबा. त्याला माइक लागतो, स्पीकर लागतात आणि यूएसबीच्या वायरने तो कॉम्प्युटरला जोडला जातो. तुम्ही असता तर आधी उचलून पाहिला असता. पंखा असो, टीव्ही असो की आपली ती काळी म्युझिक सिस्टिम, तुम्ही वजनावर माल ठरवायचे. हलका वाटला की खाली ठेवून दुकानातून चालू लागायचे, आणि आई आणि मी तुमच्या मागे. या खेपेला मी एकटी गेले. दुकानात उभी असताना तुम्ही सोबत नाही याचं मला बरंच वाटत होतं.

दुकानदाराने पहिल्यांदा रंगीत लाइटवाला काढला. सगळ्यात जास्त हाच जातो म्हणाला, आणि मुलासाठी घेताय का, असं विचारलं. मी म्हटलं, माझ्यासाठीच. त्याला माइकची एकच जागा होती. मला दोन इनपुट हवे होते: एकात खोलीतला आवाज मोजायचा माइक, दुसऱ्यात डब्यातून बाहेर गेलेलाच आवाज परत आणायचा, म्हणजे खोलीत आवाज किती उशिरा पोचतो ते कळतं. तो माइक डब्याकडूनच करंट घेतो, तेव्हा तीही सोय पाहिजे. हेडफोनचं बटण वेगळं पाहिजे. आणि माइकचा आवाज किती वाढवलाय त्याचा आकडा दिसला पाहिजे, नाहीतर आज मोजलेलं आणि उद्या मोजलेलं एकमेकांशी जुळवणार कसं? सगळ्यात मोठी अट म्हणजे गाणं हळू लावलं तरी मागे खरखर नको. मी हळूच ऐकते. तुमच्या घरात वाढलेल्या माणसाला दुसरं काही सहनच होत नाही. दुकानदाराने कंटाळून फोन लावला आणि मला हवा तो रायपूरहून मागवून दिला.

घरात वाढलेली म्हणजे काय, ते तुम्हाला कधी कळलं नाही. कारखान्याच्या सेक्टरमधल्या त्या क्वार्टरमध्ये तुमची सिस्टिम लागली की स्वयंपाकघरातली भांडी थरथरायची. शेजारचे काका दोनदा सांगून गेले. तुम्ही त्यांना जळकुटे म्हणालात. तुमच्या मिलमध्ये मशिनींच्या आवाजासाठी कानात घालायला मिळालेले प्लग खिळ्याला टांगलेले असायचे; ते घालणाऱ्यांची तुम्ही जेवताना नक्कल करायचे. कान तपासायची पाळी आली की तुम्ही कशी टाळली, हे पाहुण्यांना हसत सांगायचे. आणि मग घरातलं कोणी काही बोललं आणि ते तुम्हाला समजलं नाही, की दोष बोलणाऱ्याचा. त्यातही आईचा.

मला तो दिवस पूर्ण आठवतो. आई पोळ्या करतेय. मी पाटावर बसून मटार सोलतेय. तुम्ही दारात उभे, बनियनवर, आंघोळीला निघालेले. आई म्हणते की शेजारच्यांकडे मामाचा फोन आला होता, तिकडे गोंदियाकडे आजीची तब्येत बिघडली आहे, आजच्या गाडीने जाऊ का. तुम्ही मान हलवता आणि निघून जाता. ती मान होकाराची, असं आम्ही दोघी धरून चालतो. आई पिशवी भरते. दुपारी तुम्ही ती पिशवी पाहता आणि विचारता, हे काय चालू आहे. ती पुन्हा सांगते. तुमचा चेहरा लाल होतो.

"मले कावून नाही सांगतलं? तोंडातल्या तोंडात पुटपुटतेस तू. मुद्दाम. उद्या तुया भावाले सांगशील, नवऱ्यानं येऊ नाही देलं म्हणून."

मी म्हटलं, तिने सांगितलं होतं, मी इथेच होते. तुम्ही मला गप्प बसवलं. आईची पिशवी तुम्ही स्वतः रिकामी केली, लुगडी पलंगावर फेकली आणि जायचंच असेल तर उद्या जा म्हणालात. दुसऱ्या दिवशी ती गेली तेव्हा आजीला स्मशानात नेऊन झालं होतं. परत आल्यावर आई तुमच्याशी थेट बोलायचीच थांबली. ती मला हळू सांगायची, मी तुमच्यापुढे ओरडायची: आई म्हणते तेल संपलं, आई म्हणते जेवायला या. माझं लग्न होईपर्यंत त्या घरात मी आईचा भोंगा होते. आणि तुम्ही चार लोकांत सांगायचे की पोरीचा आवाज कसा खणखणीत आहे, मायसारखा मेंगळट नाही.

आता आई माझ्याकडे हुडको कॉलनीत असते. समोरच्या खोलीत स्पीकर लावलेत, तिची भजनं तिथे घुमतात, शब्द कळत नाहीत, म्हणून तर खोली मोजायची होती. परवा माइक उभा केला, आणि खोली मोजण्याआधी मी तिला समोर बसवलं. काहीही बोल म्हटलं. ती वांग्याच्या भाजीबद्दल बोलली. मग तिच्याच जागी बसून, डब्यावरचा आकडा तोच ठेवून, मी माझ्या रोजच्या आवाजात बोलले. पडद्यावर दोघींच्या रेघा जवळजवळ एकावर एक आल्या. तिचा आवाज माझ्यापेक्षा लहान नव्हता, बाबा. कधीच नसणार. क, स, ट यांचे बारीक आवाज रेघेच्या उजव्या, उंच पट्टीच्या टोकाला असतात, आणि वर्षानुवर्षांच्या दणदणाटाने तेच आधी ऐकू येईनासे होतात. तुम्हाला तिचा आवाज येत होता, शब्द येत नव्हते. एकदा कान दाखवले असते तर कळलं असतं. तुम्ही त्यापेक्षा बायकोला खोटं पाडलं.

मी तिला रेघा दाखवून हे सगळं सांगितलं. मला वाटलं ती रडेल, निदान चिडेल. ती चष्मा पुसत म्हणाली, "तुया बाबाले ऐकू येत नोहतं. मले माहीत होतं."

"मग सांगतलं कावून नाही त्याईले?"

"भेत होते ते. मिलमधून काढून कुठं बसवतीन म्हणून. मी बोलली असती तर अजून भेले असते."

मी म्हटलं, भीत होते म्हणून तुझी आई तुला दिसली नाही, ते चालतं का? यावर तिने पुसलेला चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. माइक चालूच होता, ते दोघींच्या लक्षात नव्हतं. मग ती म्हणाली, "फर्स्ट शिफ्टले जायचे ना, तं बूट हातात घेऊन आंगणात जात. तिथं घालत. आपले पाय किती वाजतात ते त्याईले समजत नोहतं, माही झोप मोडू नये म्हणून. मी तं पडल्या पडल्या जागीच राहो."

मी तुम्हाला माफ केलेलं नाही, आणि करणारही नाही. हा कागदही कुठे जाणार नाही. रेकॉर्डिंगमधलं शेवटचं तेवढं पुसून टाकायला मी दोनदा बसले. अजून पुसलेलं नाही.