सिनेमातल्या चाकूला लिंबू

चिटगुप्पा
दि. १४ फेब्रुवारी २०२५, शुक्रवार

चि. धनराज यास,
अनेक आशीर्वाद.

इकडं सर्व खुशाल आहेत. फक्त लिंबं खुशाल नाहीत.

आज सोनूला हळद लागली. आपल्या घरच्या रीतीप्रमाणं हळदीपासून अक्षता पडेपर्यंत नवरदेवाच्या हातात हत्यार, हत्याराच्या टोकाला लिंबू, आणि ते लिंबू पडता कामा नये. पूर्वजांनी हा नियम गुळगुळीत कट्यार समोर ठेवून केला असणार. सोनूच्या हातातल्या हत्याराच्या पाठीला करवतीसारखे दाते आहेत. लिंबू टोचलं की फाटतं, रस कोपरापर्यंत ओघळतो, हळदीत मिसळतो. नवरदेवाला ताज्या लोणच्याचा वास यायलाय. वऱ्हाडासाठी आणलेली लिंबं संपत आली आणि या अन्यायाची दाद मागायला मला तुझ्याशिवाय कुणी सापडलं नाही.

कारण चाकू तुझा आहे.

हो, तोच. टूरिंग टॉकीजमध्ये तो परदेशी नायक उघड्या अंगानं जंगलात शिरून एकट्यानं पलटण आडवी करायचा, ते पाहून तू हैदराबादहून आणलेला. पोकळ मूठ, टोपणात होकायंत्र, आत सुई, दोरा, मासे धरायचा गळ आणि काड्या. दुसऱ्या दिवशी बनियन काढून तू तुरीत शिरलास आणि अंगाला सुरवंट लावून घेऊन आलास. पलटण सोडून त्या चाकूनं पुढं सगळं कापलं. सुतळी, पाण्याचा पाइप. आई तर अजून त्यानं गूळ फोडते.

आता विचारशील, घरची कट्यार कुठाय. तुझ्याकडं आहे. वाटण्या झाल्या त्या दिवशी मीच तुझ्या हातात दिली. आई ओरडली होती, "हातात हत्यार देऊ न्हाई रे, खाली ठेव. त्यानं उचलावं. भांडण होतंय." आपण दोघांनी संध्याकाळच्या आत तिचा शब्द खरा केला. तिचं दुसरं काही आपण इतक्या तत्परतेनं ऐकल्याचं मला आठवत नाही. आणि भांडण तरी कशावरून, तर आई कुणाकडं राहणार. लोक आई नको म्हणून भांडतात. आपण हवी म्हणून भांडलो, आणि तिला विचारायचं मात्र राहून गेलं. तेव्हापासून तू दारातून तिला भेटतोस आणि पाणी न पिता जातोस. आठ वर्षं झाली. आमच्या पाण्याला फ्लोराइड आहे हे मान्य, पण इतकं नाही.

मी कट्यार मागत नाही. बाजारात नवी मिळते. आणायला निघालोच होतो, पण आईनं हा चाकू काढला, पदरानं पुसला आणि सोनूपुढं जमिनीवर ठेवला.

"आज्जी, ह्यो कुणाचा?"

"तुझ्या काकाचा हाय. काका न्हाई आला तर त्याचं हत्यार तरी येऊ दे लग्नाला."

मग मी चप्पल काढून परत आत आलो आणि लिंबं मोजत बसलो.

आणखी एक. हळदीला दिवा लावायचा तर घरात काडीपेटी नाही. लायटर आहे, तो फक्त गॅसला ओळखतो. सोनूनं टोपण फिरवलं. आत तुझ्या काड्या, डोकी मेणात बुडवलेली, आणि ओढायला पेटीच्या बाजूचा तुकडा. पहिली गेली. दुसरीही गेली. बायका हसायला लागल्या. तिसरी पेटली. सगळे दिव्याकडं बघत होते, आई माझ्याकडं.

लग्न रविवारी दुपारी, मादन हिप्परग्याला, मुलीच्या दारात. अफजलपूरहून ते आमच्यापेक्षा तुलाच जवळ, हे सहज सांगितलं. आई म्हणते, "धन्या दिसल्याबिगर मी अक्षता टाकणार न्हाई." मी तिची समजूत घालतोय. किती मनापासून घालतोय, ते तू ओळख.

फोन केला की तुझी रेंज जाते. म्हणून शेजारच्या शिवशंकरप्पांचा वीरेश टेम्पो घेऊन तिकडं जायलाय, त्याच्या हाती हे पत्र.

लिंबांनी गांजलेला,
तुझा अण्णा, शिवराज


चिटगुप्पा
दि. २१ फेब्रुवारी २०२५, शुक्रवार

चि. धनराज यास,
आशीर्वाद.

आई नीट पोचल्याचं कळलं. तिची खाट खिडकीपाशी टाक, पण वारा पाठीवर येऊ देऊ नकोस. किंवा असं कर, तिलाच विचार. मांडवात आपण विचारलं तर एका दमात सांगितलं की नाही. "उन्हाळाभर धन्याकडं, पाऊस लागला की शिवराजकडं. एवढं इचारायला आठ वर्षं लागली व्हय रे तुमाला?"

तुझं येणं अजून डोळ्यांपुढून जात नाही. मोटारसायकल मांडवाच्या दारात टाकलीस, टॉवेलात गुंडाळलेली कट्यार माझ्या पुढ्यात जमिनीवर ठेवलीस आणि उभा राहिलास. मीही उभा. भटजी घड्याळ बघायलेत, व्याही आपल्याकडं. शेवटी आईच म्हणाली, "कामून बघायलाव एकमेकाकडं? उचला की." मी वाकलो आणि कंबरेनं तिथंच दगा दिला. तू कोपराला धरून उभं केलंस. लोकांना वाटलं, भावांनी मिठी मारली. मी कुणाचा गैरसमज दूर केला नाही. तूही कोपर लवकर सोडलं नाहीस.

कट्यार मिळाली तरी सोनू चाकू सोडायला तयार नव्हता. एका हातात हे, एका हातात ते, दोन्हींच्या टोकाला लिंबू. फोटोवाला म्हणाला, "नवरदेव, लग्नाला चाललाव का लढाईला?" व्याही हसले, पण अर्धा हात मागं सरकून. आणि आईनं टाकलेल्या अक्षतांपैकी निम्म्या तुझ्याच डोक्यावर पडल्या, हे मी पाहिलं. तिचा नेम चुकलेला नव्हता.

इकडं घर फार शिस्तीत चाललंय. मी उघड्यावर झोपलो तरी कुणी ओरडत नाही. गूळ फोडायला कुणी बसत नाही, त्यामुळं चहा साखरेचा. पाऊस लवकर लागो, एवढंच म्हणतो. शेतीसाठी.

कट्यार "राहू दे तुमच्याकडं" म्हणालास, राहील. तुझ्या घरी हळद निघाली की मी स्वतः घेऊन येईन, आणि पाणी पिईन.

गडबडीत तुझा चाकू आमच्याकडंच राहिला. वीरेशबरोबर पाठवतोय. धुतलाय, पुसलाय, दात्यांतलं लिंबू सुईनं काढलंय. वीरेशला बजावलंय, धनराजच्या हातात द्यायचा नाही. ओट्यावर ठेवायचा आणि बाजूला व्हायचं. तू उचल.

टोपण फिरवून बघ. तीन काड्या आम्ही संपवल्या होत्या. नव्या घातल्यात. डोकी मेणात बुडवून.

तुझा,
अण्णा