कोपराच्या वरची खाज

भुईगाव,
१९ मे

प्रिय सालोमीबायस,

तुझ्या एकुलत्या एका धाकट्या भावाचा जय येशू. तुझे गुडघे कसे आहेत? डेरिकभाऊजींची साखर आटोक्यात आहे, की अजूनही चहात दोन चमचे आणि डॉक्टरांना सांगताना अर्धा? परसातल्या केळी यंदा धरल्या का? पापडी ते भुईगाव रिक्षाने वीस मिनिटं लागतात आणि या पत्राला निदान चार दिवस लागतील, हे मला कळतं. पण फेब्रुवारीपासून मी तुला अकरा वेळा फोन केला आणि तू अकराही वेळा उचलला नाहीस. (मी मोजत बसलो नव्हतो. हल्ली फोनच मोजतो.) पोस्टमनच्या हातातून मात्र तू पाकीट घेशीलच, कारण चारचौघांत परत पाठवणं तुझ्या स्वभावात नाही.

तर पत्रास कारण, की मला खाज सुटली आहे. हसू नकोस. मार्चच्या मध्यापासून आहे आणि साधीसुधी नाही. मानेभोवती, काखेत, पोटावर आणि सगळ्या पाठीवर लाल पुरळ. दंडावर आहे, पण कोपराखाली एक दाणा शपथेला नाही. तोंडावर नाही, पायांवर नाही. छत्तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला, पण इतकी स्वच्छ सीमारेषा मी कुठल्याच नकाशावर पाहिली नाही. पाठीच्या मधोमध जिथे माझा हात पोहोचत नाही, नेमकी तिथे ती सगळ्यात जास्त खाजते. त्यासाठी मी शाळेतली जुनी लाकडी पट्टी काढली आहे. तीच ती, जिने भुईगावच्या दोन पिढ्यांचे तळहात लाल केले. आता रोज सकाळ-संध्याकाळ मी तिने माझीच पाठ लाल करतो. माझ्या विद्यार्थ्यांना कळलं तर त्यांचा देवाच्या न्यायावरचा विश्वास बळकट होईल. पट्टी सापडत नाही तेव्हा मी परसातल्या माडाला पाठ घासतो. परवा चर्चच्या दोन सिस्टर रस्त्यावरून जात होत्या. त्यांनी नमस्कार केला, मीही केला, पण घासणं थांबवता आलं नाही.

पहिला इलाज कुंपणापलीकडच्या सत्यवतीने केला. (शत्रुघ्नची बायको, तुझ्या भावजयीची, आपल्या ज्युलीची जिवाभावाची मैत्रीण. ज्युली गेल्यापासून सव्वा वर्ष माझ्याकडे एक वाटी कालवण न चुकता येतं.) तिने मला माडाजवळ पाहिलं आणि तिथूनच निदान केलं, "मास्तर, पित्त उठलाय तुमच्या अंगावर. आमसुलाचा पानी लावा नि वरून गेरू फासा." मी लावलं आणि फासलंही. त्या दिवशी रविवार होता आणि चर्चमधल्या मिस्सेत बायबलचं पहिलं वाचन माझं होतं, हे अंग वाळल्यावर आठवलं. वरून काळा शर्ट घातला आणि गेलो. काळ्यावर काही दिसत नाही, असा माझा समज होता. पण मार्चअखेरच्या घामाला शर्टाचा रंग कळत नाही. वाचता वाचता गेरू दंडावरून ओघळत हातावर आला, आणि मी निर्गम ग्रंथातल्या पीडा वाचून संपवल्या तेव्हा वाचनपीठाच्या पांढऱ्याशुभ्र कापडावर माझे दोन्ही पंजे उमटले होते. पुढच्या रविवारी फादरांनी तिथे मरून रंगाचं कापड अंथरलं.

मग नाक्यावरच्या डॉक्टरांनी एक बारीक पांढरी गोळी दिली. गोळीने खाज गेली नाही, पण मी गेलो. वाचन करून खुर्चीवर बसलो तो थेट प्रभुभोजनाच्या घंटेला जागा झालो. मधे सगळं चर्च दोनदा उभं राहून बसलं. बाहेर आल्यावर पाच-सहा बायांनी माझा हात हातात घेतला. मास्तर ज्युलीसाठी केवढं ध्यान लावून बसतात, अशी आता गावात माझी ख्याती आहे. मी काही ती खोडून काढली नाही.

शेवटी जोआनाने (लेक डब्लिनमध्ये, पण हुकूम इथे) वसईतल्या एका चामडीच्या डॉक्टरीणबाईंची वेळ घेतली. बाई तरुण, हुशार आणि शांत. त्यांनी मला वही घालायला सांगितली: रोज काय खाल्लं, कशाला हात लावला, खाज किती. पंधरा-पंधरा दिवस थोडेथोडे पदार्थ बंद. पहिल्या यादीत सुकट, बोंबील आणि घरचं व्हिनेगर. बाय, तूच सांग, मग जेवणात उरलं काय? आठ दिवस मी दुधीभोपळा खाल्ला. नवव्या दिवशी सकाळी सहज पाय मोकळे करायला म्हणून पाचूबंदरला गेलो. (भुईगावहून पाचूबंदर पाय मोकळे करण्याच्या अंतरावर नाही, हे भूगोलाच्या शिक्षकाला सांगू नकोस.) लिलाव नुसता बघायचा, असं ठरवलं होतं. परतताना पिशवीत दोन पापलेटं आणि पाव किलो सुके बोंबील होते. ते कोणी टाकले, ते वहीत लिहिलेलं नाही. दुपारी सगळं खाल्लं आणि खाजेची वाट बघत बसलो. ती होती तेवढीच राहिली. अशा रीतीने मी विज्ञानाच्या मार्गाने बोंबलांना निर्दोष सोडवलं.

बाईंनी रक्त तपासलं, त्यात काही नाही. साबण बदलला, फरक नाही. एकदा त्यांनी माझ्या शर्टाची कॉलर उलटून पाहिली आणि नवीन कपडे घेतलेत का, असं विचारलं. मी छाती पुढे काढून सांगितलं, की वर्षभरात अंगावर नवा धागा घातलेला नाही, हा शर्ट अकरा वर्षांचा आहे. त्यांनी मलम दिलं आणि पाठीला लावायला घरात कोणी आहे का, तेही विचारलं. मी आहे म्हणालो. घरी येऊन पट्टीच्या टोकाला फडकं गुंडाळलं, त्यावर मलम घेतलं आणि आरशात बघून लावलं. निम्मं भिंतीला लागलं. भिंतीला आता कसलाही त्रास नाही.

तर एकूण असं आहे. डॉक्टरांना कारण सापडत नाही, तिथे मी कोण? माझी प्रकृती बाकी उत्तम आहे, जेवण वेळेवर होतं, घर झाडलेलं असतं. तू काळजी करू नयेस, एवढंच कळवण्यासाठी हे लिहिलं. भाऊजींना नमस्कार.

तुझा,
युजीन

ता. क. पाकीट चिकटवायला घेतलं आणि हात थांबला. बाय, वर एक गोष्ट खोटी लिहिली आहे. कारण सापडलं आहे, आणि मला ते पंधरा दिवसांपासून माहीत आहे.

आपल्या घरात दुखवट्याचं काळं स्वतःच्या हाताने उतरवत नाहीत. पपा गेले तेव्हा मायचं काळं मोठ्या मावशीने उतरवलं होतं, वर्षाच्या मिस्सेनंतर, नवं लुगडं आणून. माझं तू उतरवायचं होतंस. ज्युलीच्या वर्षाच्या मिस्सेला तू पिशवी घेऊन आलीस. आणि मी काय केलं? तुझे गुडघे दुखतात म्हणून जेवण, तू तळतेस त्या मैद्याच्या फुग्यांसकट, केटरर्सना सांगितलं, आणि हे खरं कारण सांगायची लाज वाटली म्हणून चाळीस माणसांसमोर बोललो, की सालोमीबायचे फुगे हल्ली दातांनी नाही, कोयत्याने खायचे असतात. सगळे हसले. तू हसली नाहीस. पिशवी उचललीस आणि परत गेलीस.

माझे काळे शर्ट दोनच होते, एका वर्षापुरते घेतलेले. मार्चमध्ये दोन्हींच्या कॉलरी फाटल्या. दुकानातून तिसरा काळा शर्ट घेणं म्हणजे तू कधीच येणार नाहीस असं मान्य करणं, ते माझ्याने होईना. म्हणून बाजारातून रंगाची पुडी आणली आणि वाचनाला घालायचे माझे चार पांढरे अर्ध्या बाह्यांचे शर्ट भाताच्या टोपात उकळून काळे केले. दोन काळे झाले, दोन वांग्याच्या रंगाचे. चौथ्या दिवशी खाज सुटली. कोपराच्या वर.

पंधरा दिवसांपूर्वी चारही शर्ट दोरीवर ओले होते, म्हणून जोआनाचा किनारा-सफाई मोहिमेतला पिवळा टी-शर्ट घातला. दोन दिवसांत पुरळ निम्मं झालं. मला सगळं लख्ख कळलं. तेवढ्यात सत्यवतीने कुंपणावरून पाहिलं आणि तिचा चेहरा फुलला, तिला वाटलं मास्तरांचं काळं उतरलं. मी आत पळालो आणि ओला काळा शर्ट तसाच अंगात घातला.

ता. क. २. डॉक्टरीणबाईंना मी हे सांगितलेलं नाही. त्या शर्ट काढायला सांगतील, आणि औषध म्हणून मला तो काढायचा नाही. तो मी ज्युलीसाठी घातला, तो कोणीतरी माझ्या माणसानेच उतरवावा. बाय, फुग्यांचं मी चुकलो. माफ कर. मला तुझी फार आठवण येते, आणि या घरात माझ्या पाठीला हात लावणारं कोणी नाही. येत्या रविवारी वाचन माझं आहे. मिस्सेच्या आधी ये. ती पिशवी घेऊन ये.

ता. क. ३. पिशवीतून शर्टाची बाही डोकावत होती ती मी त्या दिवशीच पाहिली. आकाशी. ज्युली मला नेहमी तोच रंग घ्यायची. माप तू बेचाळीसचंच आणलं असणार आणि मला आता चाळीस लागतो, पण तोच आण, बदलू नकोस. आणि फुगेही घरून करून आण. शर्ट ते भरून काढतील, कोयता मी काढून ठेवतो.