मंगळाचं कापड

प्रिय संजना,

अक्षर वेडंवाकडं आलंय, रागावू नकोस. वेदिकाच्या जाड स्केचपेनने लिहितोय. एरवी माझं काही लिहायचं असलं की तीच लिहून देते, पण हे तिच्याकडून लिहून घेण्यासारखं नाही. फोनवर सांगावं तर नंबरही तीच लावून देते आणि शेजारीच बसते. आत्ता शाळेत गेलीय. ती यायच्या आत हे टपालपेटीत पडलं पाहिजे. पेटी रस्त्यापलीकडे आहे, आणि रस्ता एकट्याने ओलांडायचाय.

तुझ्या लेकीने विज्ञान प्रदर्शनात भाग घेतला होता. कोणत्या ग्रहाची, कोणत्या चंद्राची टणक जमीन किती, ते कापडाच्या तुकड्यांनी दाखवायचं. दहा लाख चौरस किलोमीटरला एक चौरस इंच. मी सातवी नापास, मला किलोमीटर कळत नाहीत, इंच कळतात. ती माप सांगायची, मी कात्री चालवायची. पृथ्वी, समुद्राचा तळ धरून, साडेबावीस इंचांचा चौकोन. शुक्र त्याहून इंचभर कमी. बुध पावणेनऊ, आणि गुरूचा एक नुसता चंद्र, गॅनिमीड, तो बुधापेक्षा मोठा निघाला. आपला चंद्र सहा इंच, धड रुमालही होणार नाही. मी म्हटलं, गुरूला तर अख्खा तागा लागेल. तर म्हणते कशी, "आजोबा, त्याला चिंधीसुद्धा नको. तिथे पाय ठेवायला जमीनच नाही." पुठ्ठ्यावर त्याची जागा तिने रिकामी ठेवली.

तिची सगळी भिस्त मंगळावर होती. मंगळाची सगळी जमीन आणि पृथ्वीवरची नुसती कोरडी जमीन जवळजवळ सारखी, बारा-बारा इंच. एकावर एक ठेवून दाखवायचं होतं. प्रदर्शनाला मी इस्त्रीचा सदरा घालून गेलो. तिच्या वर्गाच्या सविताबाईंनी मंगळ उचलून पृथ्वीच्या जमिनीवर ठेवला, तो एका बाजूने दीड इंच बाहेर लोंबला, तोही तिरपा. बाई म्हणाल्या, "मंगळाला पोट सुटलं का गं?" पोरं खदाखदा हसली. माझ्या तोंडून निघून गेलं, शिवणीसाठी जास्तीचं कापड सोडलंय. वेदिकाने माझ्याकडे पाहिलं. शिवणीसाठी सोडलेलं कापड चारी बाजूंनी सारखं असतं, हे माझ्या शिलाई मशीनखाली खेळून वाढलेल्या पोरीला कळणार नाही का? तरी म्हणाली, "हो बाई, मीच आजोबांना तसं सांगितलं होतं. माझी चूक." बक्षीस गेलं. घरी येईपर्यंत तिने माझा हात सोडला नाही.

संजना, मला खडूची रेघच दिसली नव्हती. काचबिंदू आहे. डोळ्याची नस वाळली, गेलं ते परत येणार नाही, असं डॉक्टरांनी दिवाळीतच सांगितलं. मी कुणाला बोललो नाही. पण तिला कळलंय. शाळेत जाण्याआधी सुयांत दोरे ओवून ठेवते, मला गॅसपाशी जाऊ देत नाही, संध्याकाळचं खेळणं बंद केलंय. अकरा वर्षांची पोर, माझ्यापायी म्हातारी झाली.

तुझ्या दुसऱ्या लग्नानंतर अश्विनराव तिला मनमाडला न्यायला आले, तेव्हा मी त्यांना पाणीही न विचारता दारातून परत पाठवलं. माझी नात परक्या घरात जाणार नाही, म्हणालो. चार वर्षं तू फोनवर रडतेस आणि मी तिच्या काळजीचं नाव पुढे करतो. काळजी माझी मलाच होती. घरात कुणीतरी हवं होतं.

तर शनिवारी दोघं या आणि तिला घेऊन जा. एवढ्यासाठीच हे लिहिलं. मी पाठवतोय असं सांगू नकोस, ती हलणार नाही. तूच हट्टाने न्यायला आलीस असं म्हण, मी थोडं भांडल्यासारखं करीन. माझं कसं होईल ते विचारू नकोस, विचारलंस तर माझा धीर सुटेल. ट्रंकेत तिचा निळा फ्रॉक आहे, दिसत होतं तेव्हा शिवलेला. त्याच्या घेराला आतून दोन इंच कापड खरोखरच जास्तीचं सोडलंय. उंची वाढली की उसव. माप मात्र तू नवीन घे.

तुझाच,
अण्णा