एका घरात दोन मतदारसंघ

मुधोळ, कार्तिक, फसली १३५६

तीर्थस्वरूप अमृतराव दाजींच्या सेवेशी,

चंपतरावाचा साष्टांग नमस्कार. आक्काचा गुडघा आता वळतो काय? तुमचा खोकला तुमच्याहून हट्टी, म्हणून त्याची चौकशी करत नाही. इकडे सर्व खुशाल. फक्त घराची वाटणी झाली. घाबरू नका, चूल एकच आहे. वाटणी निजाम सरकारने केली, मतांची.

नव्या निवडणुकीत कायदेमंडळात बोलणारा माणूस गावाला नाही, धंद्याला मिळणार. जमीनदारांनी जमीनदार निवडायचा, कुळांनी कूळ, वकिलांनी वकील. वडिलांनी जमीन माझ्या नावे लावली, म्हणून मी जमीनदार. धाकटा भाऊ उद्धव दुसऱ्याचे वावर कसतो, म्हणून तो कूळ. आणि कुळांनी त्यालाच उभे केले! परवा चावडीपुढच्या सभेत त्याने जमीनदारांची अशी सालटी काढली (पाहत माझ्याकडेच होता), की माझ्याच तोंडून 'वा!' निघून गेले. घरी आमच्या सौ. तुळजाबाईने आम्हा दोघांना एका पंक्तीला बसू दिले नाही. "तुमचे मतदारसंघ निराळे," म्हणाली, आणि लोणच्याची बरणी कुळाच्या बाजूला ठेवली. (तिला स्वतःला मत नाही, पण बरणी तिच्या ताब्यात.)

त्याच सभेत डोमाजी कुंभार उठला. तळ्यातली माती काढायला बंदी झाल्यापासून त्याचे चाक बसून आहे. "मी जमीनदार नाही, कूळ नाही. मंग माहा मानूस कोन जी?" तहसिलीच्या पेशकाराने मतदारयादीतले धंद्यांचे सगळे खाने धुंडाळले, डोमाजी एकातही बसेना. आमच्या जमीनदारांचा उमेदवार सभेला आलाच नव्हता, आपल्या जागी नुसती बसायची गादी पाठवली होती. ती काय बोलणार? मी आपल्या जोड्यावरची धूळ झटकत बसलो.

उद्धव म्हणाला, "काऊन, मी हाव ना! तुमचं मत मले भेटत नाही तं नाही भेटत. मातीचं मीच बोलतो."

मागे कुळांत कुजबुज झाली, की मत नसलेल्यासाठी याने का भांडावे? काही जण उठूनही गेले. पण हा आपला तळ्याच्या कोणत्या काठाची माती लागते ते डोमाजीला विचारत बसला.

आक्काला नमस्कार, भाच्यांना आशीर्वाद.

आपला,
चंपतराव (जमीनदार)

ता. क. उद्धवचे भाषण मला मुळीच आवडले नाही, हे आक्काला सांगा.

आणखी ता. क. ओढ्याकाठचे तुमचे पडीक वावर यंदा मला कुळाने लावून द्या, कागद लवकर पाठवा. पेशकार म्हणतो, एका माणसाला एकच खाना. तर जमीनदारांचा खाना मी सोडून देतो. जमीनदार राहून उद्धवला मत देता येत नाही. त्याला मात्र कळू देऊ नका, आधीच फार चढला आहे.