आईले खाली नाही ठेवायचं

माय, माझी सून महिनाभरापासून सकाळच्या नाश्त्याले रोज नवीन काहीतरी करून राहिली आहे, आणि मले तिचा संशय येऊन राहिला होता. हे तुलेच सांगावं लागते, कारण हा संशय तुझ्याच चुलीपाशी शिकले मी. घरात दुसऱ्या कोणाले ते कळायचं नाही.

आपल्याकडे सकाळी काय असायचं? बासी. रात्रीचा भात पाण्यात टाकलेला, सकाळी वर मीठ आणि कांदा. शेजारच्या छत्तीसगढी बायांचं पाहून तू ते उचललंस. नागपूरचे पाहुणे नाक मुरडायचे, तर तू म्हणायचीस, "रायपूरचा उन्हाळा तुम्ही काढता का मी?" हिवाळ्यात त्याच भाताले फोडणी. तोंडाले चव म्हणून तू कधी काही वेगळं केलं नाहीस. आणि एका सकाळी मी उठते तर कढईत गुळाचा सांजा, वरून विलायची. मी वाटी बोटानं पुसून खाल्ली. मग तू पदराले हात पुसत म्हणालीस, "उद्यापासून शाळेत नको जाऊ. लहान्याले कोण पाहील?" मी चौथीत होते. पुढं एकदा धिरड्यासारखा चीला झाला, सोबत टमाटरची चटणी, आणि त्याच दुपारी मले पाहायले पाहुणे आले. तेव्हापासून माझ्या डोक्यात पक्कं बसलं की सकाळचं ताट बदललं की आपलं काहीतरी जाते. सांजा मी पुन्हा तोंडाले लावला नाही. लोक म्हणाले, हिले गोड चालत नाही. मी म्हटलं, हव, नाही चालत.

आता या सुनेचं पाह्य. ती बिलासपूरची, हिंदीत वाढलेली. इतकी वर्षं हिच्या हातचे पोहे आणि फक्त पोहे खाल्ले आम्ही. आणि आता अचानक सोमवारी तांदळाच्या पिठाचा वाफवलेला फरा, मंगळवारी बीट घालून गुलाबी इडली, मग मोड आलेल्या मुगाचा चीला. गोल बाजारातून साचे आणले, त्यातून उपमा चांदणीच्या आकाराचा पडतो. या वयात मले चांदणी! आणि मी खात असताना ही दाराशी उभी, मोबाईल हातात. भरल्या ताटाचा फोटो सगळेच काढतात आजकाल, ते मी समजू शकते. ही माझं खाऊन झालेलं उष्टं ताट काढते. उष्ट्या ताटाचा फोटो कोण काढते, माय?

आणि मग मी ऐकलं. माझी पोरगी नागपुरात दिलेली आहे. तिच्याशी फोनवर मराठी बोलायची सुनेले मोठी हौस, नणंदेनं एकदा टोमणा मारला होता म्हणून. स्वयंपाकघरातून आवाज आला, "दीदी, आईले आता खाली नाही ठेवायचं. मी पक्कं केलं आहे." माझ्या हातातली तुळशीची लोटी तशीच राहिली. मी खालच्या खोलीत राहते. खिडकी गल्लीवर उघडते. भाजीवाला मले विचारल्याशिवाय पुढं जात नाही. आमच्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, एकेकानं खालची खोली दुकानाले देऊन टाकली आणि म्हातारी माणसं वर चढवली. वर गेलेलं माणूस खाली उतरते ते एकदाच. म्हटलं, आलं समजून. चांदणी खाऊ घालून खोली काढतात माझी.

पोरगा भनपुरीच्या ट्रान्सपोर्टात सकाळीच जातो, म्हणून मी इतवारची वाट पाहिली. सगळे बसले. ताटात भाज्या घातलेल्या शेवया. मी ताट सरकवलं. "आधी सांग, माझी खोली कोणाले दिली? मोबाईलच्या दुकानाले का ब्यूटी पार्लरले?"

सुनेनं विचारलं, "कौन सी खोली?"

"माझी. तूच म्हणालीस ना नणंदेले, आईले खाली नाही ठेवायचं."

पोट्टी, माझी नात, आधी हसली. ठसका लागेपर्यंत हसली. "आजी! खाली मतलब नीचे नहीं, खाली पेट! डॉक्टर ने बोला था!"

सुनेचे कान लाल झाले. "वो शब्द याद नहीं आया मुझे. रिकामं, रिकामं म्हणते ना? आप पोहा गाय को डाल देती हैं, फिर खाली पेट शुगर की गोली. उस दिन आंगन में चक्कर आया था. मैंने देखा है."

फोटोही तिकडेच जात होते, नागपूरले, म्हातारीनं खाल्लं हे दाखवायले. मी म्हटलं, "मराठी येत नसेल तर माझ्या चहाड्या हिंदीत करत जा, निदान नीट समजतील." पोरगा खाली मान घालून शेवया खात राहिला, बापासारखाच. मी ताट परत ओढलं.

पुरता विश्वास अजून बसलेला नाही. खोलीची चावी मी कमरेलेच खोचते. पण तेव्हापासून दुसरीच गोष्ट डोक्यात फिरते, आणि त्यासाठीच हा कागद घेतला. मी जन्मभर समजत आले की तो सांजा तू मले लाच म्हणून दिलास. शाळा काढायची होती, म्हणून गूळ. आता वाटते, तुले फक्त मले ते खाली पोटी ऐकवायचं नसेल. खाली म्हणजे सुनेचं खाली. घरात तेव्हा गूळ सणालेच यायचा, आणि तू स्वतः त्या सकाळी बासीच खाल्ली होतीस, हे मले कालपर्यंत आठवलंही नव्हतं. तरी शाळा काढलीस ती काढलीसच. ते मी सोडणार नाही.

तू देवाघरी गेलीस, तिथला तुझा काही पत्ता नाही, आणि असता तरी मी तिकीट लावलं नसतं. हा कागद रव्याच्या डब्याखाली घालून ठेवते. हे आपलं मराठीतलं खाली. रात्री सुनेनं विचारलं, "कल क्या बनाऊं, आई?" मी म्हटलं, काहीही कर, मले काय. मनात सांजा होता, गुळाचा.